डावऱ्याच्या कार्डाला कुंकू

आमच्या घरात बेसबॉल कुणी आणला असं विचारलं तर सगळे लेकीकडे बोट दाखवतात. ते अर्धंच खरं आहे. शाळेतल्या एका मैत्रिणीचं खूळ लेकीला लागलं, एवढंच. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रात्रीचे सामने आमच्याकडे शारजात सकाळी सहाच्या पुढे सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच लेक दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेची बस पकडायला खाली उतरायची. मग ती जाता जाता टीव्ही लावून ठेवायची आणि आजीला सांगून जायची, "आजी, जस्ट वॉच अँड टेल मी." मी सांगितलं असतं तर सासूबाईंनी डोळ्यांचं निमित्त काढलं असतं. नातीचा शब्द म्हणून त्या बघायला बसल्या, आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत.

सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेल्या. अंगावर सुती साडी, एसीमुळे पायात लोकरी मोजे, हातात चहाचा कप. सासरे गेल्यावर त्या पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत होत्या. तिथे बाथरूममध्ये पडल्या, मनगट मोडलं, आणि नवरा जाऊन त्यांना इकडे शारजात, आमच्या अल नहदाच्या घरी घेऊन आला. उन्हाळा लागेपर्यंत राहायचं, असं ठरलं होतं. ते "उन्हाळा लागेपर्यंत" मीही मनात घट्ट धरून ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि आमचं स्वयंपाकघर तर अगदीच अरुंद. मी दुबईत एका शिपिंग कंपनीत काम करते. संध्याकाळी दुबई-शारजा बॉर्डरवरच्या ट्रॅफिकमधून रखडत घरी यावं तर मिसळणाचा डबा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर गेलेला असायचा. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, सोपं पडतं.

बेसबॉल मला तेव्हा कळत नव्हता आणि आज कळतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नवरा कॉलेजच्या टीममधून क्रिकेट खेळलेला. त्याचं म्हणणं, टप्पा न पाडता चेंडू फेकायचा आणि त्याला खेळ म्हणायचं हे जरा अतीच झालं. माझे प्रश्न त्याहून साधे होते. फलंदाज तीनदा चुकला की बाद का? चेंडू इतका लांब मारूनही बाद कसा? एवढी माणसं मैदानात उभी असताना सगळे एकट्या फेकणाऱ्याच्याच तोंडाकडे का बघत बसतात? लेकीकडे उत्तरं होती, पण इंग्रजीत आणि इतकी भरभर, की दोन वाक्यांनंतर मी नुसती मान डोलवायची. सासूबाईंना मात्र कुणी काही समजावलं नाही. त्यांनी बघून बघूनच सगळं ओळखलं.

त्या गर्दीतून त्यांनी एकाला निवडलं. चाळिशीला आलेला, दाढीत पांढरे केस असलेला, डाव्या हाताने फेकणारा एक पिचर. नाव लेकीने शिकवलं होतं, म्हणताही येत होतं, पण त्या त्याला "डावरा"च म्हणायच्या. हा डावरा पाचसहा दिवसांतून एकदाच फेकायला येतो. बाकीचे दिवस बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खातो. आणि पगार रोजचा का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर घरात कुणीही हसलं नाही. सासूबाई त्याचा दिवस संकष्टीसारखा लक्षात ठेवायच्या. उद्या डावरा आहे, मिक्सर उशिरा लाव, असं मला आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या.

एवढे तरणेबांड सोडून हाच का, हे मला कळत नव्हतं. शेवटी विचारलं. सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "मागच्या पोराने हातातला चेंडू सोडला ना, तरी हा त्याच्याकडे वळून बघत नाही. चूक दुसऱ्याची, पण ह्याच्या कपाळाला आठी नाही. आपल्या हातमोज्याकडे बघतो आणि पुढचा चेंडू टाकतो."

त्याच आठवड्यात त्यांच्या हातून दूध उतू गेलं होतं आणि मी वळून बघितलं होतं, चांगलं आठीसकट. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकीच्या जागी अमेरिकेतला एक दाढीवाला होता. टोमणा होता की नुसतं वर्णन, हे मला ठरवता येईना. आणि जे ठरवता येत नाही त्याचा मला राग येतो. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, त्यांना ते कळलं की नाही हेही मला कळलं नाही.

कार्डं आली ती त्यांच्या वाढदिवसाच्या निमित्ताने. लेकीने साठवलेल्या पैशांतून डावऱ्याचं एक कार्ड मागवलं. खेळायच्या पत्त्याएवढा जाड कागद, पुढे त्याचा फोटो, मागे त्याच्या खेळाचे बारीक आकडे. किंमत ऐकून सासूबाईंनी मोठ्याने दिरहमचे रुपये केले, कपाळाला हात लावला, मग चष्मा पुसून कार्ड उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसची बॅग खांद्याला लावून डबा भरत होते, तेव्हा त्या कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आल्या. देवाच्या कपाटातला करंडा माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, ह्याला हळदकुंकू लाव.

रीत मला नवी नव्हती. साडी असो, मिक्सर असो, गाडी असो, हळदकुंकू लागल्याशिवाय नवी वस्तू वापरायला काढायची नाही हे माझ्या माहेरीही होतं. सासूबाईंचा नियम त्याहून कडक. कुंकू लागेपर्यंत वस्तू घरात आली असं धरायचंच नाही. नवा फ्रिज आला त्या दिवशी मी ऑफिसात अडकले होते. मी येईपर्यंत फ्रिज भिंतीशी सुरू होता, पाणीही गार झालं होतं, आणि सासूबाई पुण्याला फोनवर बहिणीला सांगत होत्या की फ्रिज अजून यायचाय.

माझ्यासाठी थांबायचं कारण असं, की कुंकू त्या स्वतः लावत नसत. सासरे गेल्यापासून त्यांनी करंड्यात बोट बुडवलं नव्हतं. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. तुम्हीच लावा की, आता कोण मानतंय हे सगळं, असं मी म्हणाले होते. त्यावर त्या म्हणाल्या, मला सवय नाही राहिली. वाद घालायला मला सवड नव्हती. मी कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात आधी हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकवाचं, आणि लिफ्टकडे पळाले.

संध्याकाळी येऊन बघते तर लेक रडकुंडीला आलेली. "मम्मा, यू रुइन्ड इट. इट वॉज मिंट."

मिंट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. ज्याला कुणाचं बोटही लागलेलं नाही, कोपरा दुमडलेला नाही, असं अगदी कोरं. मी म्हटलं, बोटच लावायचं नाही तर घ्यायचं कशाला? लेक समजावायला लागली, की अशी कार्डं जपून ठेवली तर पुढे किंमत वाढते. सासूबाईंनी तिला मध्येच थांबवून विचारलं, विकायचंय कुणाला? पुढच्या कार्डाला लेकीने तोड काढली. कार्ड आधी प्लास्टिकच्या पाकिटात घालायचं आणि कुंकू पाकिटावर लावायचं. कुंकू वस्तूला लावतात, पिशवीला नाही, असं म्हणून सासूबाईंनी ती तोड निकालात काढली.

अशी एकेक करत कार्डं जमत गेली. डावरा लहानपणीच्या टीमच्या कपड्यांत, डावरा बिनदाढीचा, हाताच्या ऑपरेशननंतर परत आलेला डावरा. अल्बम आणला, त्याला पारदर्शक कप्प्यांची पानं. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या बोटाचा लाल ठिपका. मी ना धड त्या खेळाची, ना त्या कार्डांची, आणि सगळ्या संग्रहावर शिक्का माझा. लेकीने एकदा त्यांचे फोटो कार्ड जमवणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकले, तर एका परदेशी गृहस्थांनी अगदी अदबीने विचारलं, की ही लाल ठिपक्याची आवृत्ती आमच्या पाहण्यात नाही, ती किती छापली होती? लेकीला हसू आवरेना. सासूबाईंनी तिला मराठीत उत्तर सांगितलं, ते तिने इंग्रजीत काय करून कळवलं देव जाणे. गृहस्थांनी पुन्हा काही विचारलं नाही.

एव्हाना उन्हाळा लागून गेला होता. एका रविवारी आमचं दोघींचं वाजलं. कारण सांगण्यासारखं नाही, कोथिंबिरीच्या काड्या टाकायच्या की वाटणात घालायच्या एवढंच होतं, पण आवाज हॉलपर्यंत गेला. नवऱ्याने जेवताना खाली मान घालून विचारलं, की आई, तिकिटाचं काय करू? डावऱ्याने आतापर्यंत किती फलंदाज तीनदा चुकवून घरी पाठवले याचा हिशेब लेक ठेवत होती, आणि तो आकडा तीन हजाराच्या जवळ आला होता. त्या खेळात इतक्या वर्षांत फार थोड्यांना ते जमलंय म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "तीन हजार व्हायला थोडेच राहिलेत. तेवढे बघते आणि जाते." मग त्यांनी अल्बम उघडून शेवटच्या पानावरचा शेवटचा कप्पा दाखवला. तो त्या कार्डासाठी रिकामा ठेवायचा होता.

मला आनंद झाला. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायला लागले, किती राहिले? लेकीला वाटलं मम्मापण फॅन झाली. ती उत्साहाने सांगायची. सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि भाजी निवडत राहायच्या. त्यांना माझ्या प्रश्नाचा अर्थ कळत असणार, असं मला वाटायचं. तरी मी विचारायची थांबले नाही.

आणि मग एका सकाळी, अगदी थोडे राहिले असताना, डावऱ्याने चेंडू फेकला आणि मांडी धरून तिथेच वाकला. मी पोळी लाटत होते. हॉलमधून "अरे देवा" ऐकू आलं म्हणून लाटणं घेऊनच बाहेर गेले. डॉक्टर धावत मैदानात आले, काहीतरी विचारलं, आणि डावरा टोपी खाली ओढून चालत आत गेला. त्या वर्षी तो परत आलाच नाही. लेक म्हणाली, नेक्स्ट इयर, मे बी. नवऱ्याने चाचरत विचारलं, मग तिकीट? तर सासूबाई त्याच्यावरच घसरल्या. माणूस तिकडे दुखणं काढतोय आणि तुला तिकिटं सुचतात का?

तिथपासून मला काही उलगडेनासं झालं. त्यांना खरंच त्या माणसाचं दुःख झालं होतं, रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. पण त्याचबरोबर त्यांनी कपाटातल्या साड्यांची बॅग उघडून साड्या परत हँगरला लावल्या, हेही मी बघितलं. दुखणं त्याचं आणि सुटका ह्यांची, की तसं काही नव्हतंच? आणि मी? मला राग यायला हवा होता. मी राग शोधत होते आणि तो हाताला लागत नव्हता.

तिकिटाचा विषय निघाला की घरात "इन्शाल्ला" म्हणायची पद्धत पडली ती तेव्हाच. हा शब्द सासूबाईंना बिल्डिंगच्या एसी मेकॅनिकने शिकवला. तो रोज फोनवर "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचा, म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. आणि आमचा एसी महिनाभर ठिबकत राहिला. इथे सगळ्या देशांचे लोक हा शब्द वापरतात. कामाचं देवावर सोपवलं की कुणाला नाही म्हणावं लागत नाही. सासूबाईंना तो फार आवडला. मोठा फ्लॅट कधी घेणार, असं नवऱ्याला विचारलं आणि त्याने इन्शाल्ला म्हटलं, की त्या समजून हसायच्या.

हिवाळ्यात माझी पाठ धरली. मणक्यातली चकती सरकली, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आडवं पडून घर चालवणारी बाई कशी असते ते माझ्या घरच्यांनी भोगलंय. मी खोलीतून ओरडून सूचना द्यायची, आमटीला मीठ जास्त म्हणायची, पोळी वातड म्हणायची. सासूबाई ताट उचलायच्या, एकदा हातातल्या ताटाकडे बघायच्या, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा गरम ताट घेऊन यायच्या. कपाळाला आठी नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की डावऱ्याबद्दलचं ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. त्या स्वतःलाच बजावत होत्या. इतके महिने मी दुसऱ्याचा टोमणा अंगाला लावून घेऊन हिंडत होते, आणि तो टोमणाच नव्हता. की होता? पाठ दुखत असताना माणसाला असलं काही नीट कळत नाही.

दुपारी घर रिकामं असायचं. त्या माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसायच्या आणि अल्बम पुसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, केस विंचरू का? मी नको म्हणायच्या आत त्यांनी फणी घेतलीसुद्धा. मनगट मोडलेलं, त्यामुळे हात हळू चालायचा. माझी वेणी शेवटची कुणी घातली होती ते मला आठवत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. पाठीमुळे रडतेय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या शेक घ्यायची पिशवी गरम करायला गेल्या.

पुढच्या वर्षी डावरा परत आला. आधी थोडं थोडं, मग नेहमीसारखा. मी बरी होऊन कामाला लागले होते, आणि संध्याकाळी चप्पल काढताना तोच प्रश्न विचारत होते, किती राहिले? प्रश्न तोच होता, पण आकडा कमी झालेला आता मला ऐकायला नको वाटायचा. डावऱ्याचा दिवस असला की मी सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागले. समोरच्याची बॅट हलली की मनात म्हणायचे, मार बाबा, लांब मार. एकदा कुणीतरी खरंच लांब मारला आणि माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. लेक चक्रावून बघायला लागली. "मम्मा, हू आर यू रूटिंग फॉर?"

काय सांगणार? ज्या माणसासाठी सासूबाई देवाला हात जोडत होत्या, त्याच्याविरुद्ध मी त्याच देवाला सांगत होते. देवाचाही गोंधळ झाला असेल.

तीन हजारावा फलंदाज बाद झाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी रवा भाजून ठेवला होता. सकाळी नवऱ्यानेही ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं. दोन वर्षं खेळाला नावं ठेवून तो सगळ्यांच्या आधी सोफ्यावर बसला होता. शिऱ्याचा वास, पडदे ओढलेले, बाहेर इतक्या सकाळीही काचेला हात लावला तर गरम. डावऱ्याने चेंडू टाकला, समोरच्याची बॅट हवेतून फिरली, आणि अख्खं मैदान उभं राहिलं. डावरा क्षणभर हातमोज्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली. त्याची मुलं मैदानात धावत आली.

सासूबाईंनी माझ्या हातात निरांजनाचं ताम्हण दिलं. मी टीव्हीला ओवाळलं, हो, खरंच ओवाळलं. नवऱ्याने धूर शोधणाऱ्या सेन्सरकडे बघून घाईने पंखा लावला, ज्योत विझली, ती मी पुन्हा लावली. लेक हसत होती आणि रडत होती. सगळ्यांनी शिरा खाल्ला. मग सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, झालं बाबा माझं. आता तिकीट बघ.

मी बोलायला हवं होतं. पण "राहा" हा एवढासा शब्द मला त्यांना कधी म्हणावा लागला नव्हता, आणि तो कसा म्हणतात ते मला माहीत नव्हतं. शेवटी लेकच म्हणाली, बट आजी, द कार्ड इजंट आउट येट. तीन हजाराव्याचं खास कार्ड आता छापणार, मग ते अमेरिकेतून निघणार, मग इकडे पोचणार. सासूबाईंनी अल्बमच्या रिकाम्या कप्प्यावरून बोट फिरवलं. बरं, म्हणाल्या, मग कार्ड आलं की.

इकडे घरी पोस्टमन येत नाही. टपाल पोस्टबॉक्सला येतं, आणि आम्ही पत्ता माझ्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सचाच देतो. त्यामुळे ते कार्ड माझ्याच टेबलावर येणार होतं. रोज रिसेप्शनवरून टपाल आलं की मी आधी घाबरायची आणि मग, आपलं काही नाही असं बघून, चहा घ्यायची. शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी ते आलं. पुठ्ठ्याचं चपटं पाकीट. मी ते फोडलं नाही. बॅगेत उभं ठेवलं, वाकू नये म्हणून फाइलमध्ये घालून.

त्या संध्याकाळी बॉर्डरवर नेहमीपेक्षा जास्त ट्रॅफिक होता आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही. गाड्या हलत नव्हत्या ते बरंच होतं. मी विचार करत होते, की ह्या गेल्या तर मिसळणाचा डबा परत वरच्या फळीवर जाईल. टीव्हीसमोरची जागा मोकळी होईल. लेकीला तिची खोली एकटीला मिळेल. सगळे फायदे डोक्यात ओळीने उभे राहत होते आणि एकही पटत नव्हता. कोथरूडचं ते बाथरूम मात्र सारखं डोळ्यांपुढे येत होतं, त्याची ती निसरडी फरशी.

घरी आले. सासूबाई मेथी निवडत होत्या. पाकीट टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेले. लेकीने ते कात्रीने जपून उघडलं. डावरा टोपी हातात घेऊन उभा होता, मागे सगळी माणसं, आणि खाली सोनेरी आकड्यांत तीन हजार. सासूबाईंनी हात पुसले आणि कार्ड कडेने धरून बघितलं. नवऱ्याने लॅपटॉप उघडला. पुण्याच्या विमानांचं पान त्याने आधीच शोधून ठेवलं होतं.

सासूबाई उठून देवाच्या कपाटाकडे गेल्या. करंडा आणला, उघडला, आणि नेहमीसारखा माझ्यापुढे धरला.

"लाव," म्हणाल्या.

मी कुंकवात बोट बुडवलं. कार्ड समोर होतं, उजवा कोपरा कोरा. लेक माझ्या बोटाकडे बघत होती. सासूबाई बघत नव्हत्या. त्या कार्डातल्या माणसाकडे बघत होत्या, करंडा त्याच मोडलेल्या मनगटाच्या हातात धरून. मला ह्या जायला नको आहेत, असं स्पष्ट, पूर्ण वाक्य माझ्या मनात उमटलं, आणि मी घाबरले. इतक्या दिवसांच्या गोंधळातून तेवढी एकच गोष्ट मला नक्की कळली होती.

बोटावर घेतलेलं कुंकू परत करंड्यात टाकत नाहीत. मी ते माझ्या कपाळाला लावलं. मग करंड्याचं झाकण लावलं.

"आज नको," मी म्हणाले.

"मग कधी?"

"बघू," मी म्हणाले. "इन्शाल्ला."

सासूबाईंनी वर माझ्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी कार्ड उचललं, कोरंच्या कोरं शेवटच्या कप्प्यात सरकवलं, अल्बम मिटला, आणि पुन्हा मेथीची जुडी पुढे ओढली.

"तो लॅपटॉप मिट रे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कार्ड अजून यायचंय."